साकवावर कोण होतं

सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला आम्हाला डिझाइन नावाचा एक विषय होता. त्याला जाडजूड पुस्तक नव्हतं, गणितं नव्हती, म्हणून सगळ्यांना तो सोपा वाटला. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले. गरज, मर्यादा, पर्याय, नमुना, चाचणी, सुधारणा. मग उरलेला खडू खिडकीबाहेर फेकून म्हणाले, "ज्याला हे जमणार नाही त्याने कॉमर्सला जावं. तिथे चुकलं तर माणसं हळूहळू मरतात. आपल्याकडे एकदम."

वर्ग हसला. मीही हसले. सर हसले नाहीत.

सर मुरबाडहून मोटरसायकलवर यायचे. शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नसायची आणि आवाज कधी चढायचा नाही. ओरडणारा मास्तर परवडतो, त्याची नक्कल तरी करता येते. हे मात्र इतकं हळू बोलायचे की आपला अपमान ऐकायला आपणच पुढे वाकायचं. मुरबाडला त्यांनी बांधलेला एक स्लॅब पडला, त्यात माणूस गेला, म्हणून ते असे झाले, अशी गोष्ट मुलांनी रचली होती. पुढे एकदा धीर करून मी विचारलंच. म्हणाले, "माझा एकही स्लॅब पडलेला नाही. मला असंच शिकवायला आवडतं."

दोघादोघांची जोडी करून आपल्या आसपासची एक अडचण शोधायची आणि तिच्यावर उपाय काढायचा, हे वर्षभराचं काम होतं. माझ्या जोडीला मुरबाडकडची एक मुलगी आली. एसटीने यायची, कमी बोलायची, आणि तिच्या हातात कात्री दिली की कागद सरळ कापला जायचा. मला अडचण शोधायला लागलीच नाही. आमचं गाव खर्डीच्या आत, आणि त्याचे दोन तुकडे. अलीकडे गाव, पलीकडे पाडा, मधून वहाळ. होळीनंतर त्यात पाण्याचं नाव नसतं, थंडीत दगडांवर पाय ठेवत जाता येतं, आणि पावसाळ्यात तो कंबरेच्या वर चढतो. मग पाड्यातल्या माणसाने डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालून यायचं, नाहीतर जीव मुठीत धरून पाण्यात उतरायचं. पाड्यात माझी काकी राहायची. काका गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा, दोघंच.

मी कागदावर लिहिलं, "आमच्या गावाला पुलाची गरज आहे," आणि सरांना दिलं.

सरांनी मला उभं केलं. "मोठ्याने वाच."

मी वाचलं.

"ही गरज आहे का?"

"हो सर."

"पुन्हा वाच."

असं त्यांनी मला किती वेळा वाचायला लावलं ते आठवत नाही. मागच्या बाकांवरून हसू यायला लागलं तेव्हा म्हणाले, "ही गरज नाही, हे उत्तर आहे. डॉक्टरकडे जाऊन कोणी म्हणतं का, मला इंजेक्शनची गरज आहे? तुला पूल बांधायची हौस आहे. गरज दुसऱ्याची असते. बस."

पुढच्या तासाला मी लिहून आणलं, "पाड्यातल्या लोकांना पावसाळ्यात वहाळ ओलांडायचा असतो."

"का?"

मला सांगता आलं नाही. म्हणजे माहीत होतं, पण सगळं एकदम तोंडाशी आलं आणि अडकलं. सर वर्गाला म्हणाले, "हिची सख्खी माणसं तिथे राहतात आणि हिला माहीत नाही ती का येतात. उद्या परक्या गावात धरण बांधील ही." माझी जोडीदार खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिली.

त्या रविवारी मी तिला घेऊन पाड्यात गेले. काकी अंगणात भेंडी निवडत होती. मी सरांच्याच शब्दांत विचारलं, "काकी, तू वहाळ का ओलांडतेस?"

काकीने माझ्याकडे बघितलं. "येडी झालीस काय गो? बाजार कुटं हाय? खर्डीला. भेंडी काय तिच्या पायानं जाईल?"

मग मात्र ती बोलत सुटली. भेंडी तोडल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही, म्हणून वळसा घालून चालत नाही. पोरांची शाळा पावसाळ्यात बुडते, मग मास्तर त्यांना मागच्या बाकावर बसवतो. बाळंतपणाला सुईण असते, पण अडलं तर दवाखाना वहाळ ओलांडून खर्डीला. आणि मागे एका पावसाळ्यात ती स्वतः वाहून गेली होती. ते आमच्या घरात कोणालाच तिने सांगितलं नव्हतं.

"करंजाच्या मुळाला हात लागला म्हनून हाय मी," ती म्हणाली. "पाटी गेली. लुगडं पन गेलं. तशीच बसलेली पाण्यात, अंधार पडंपर्यंत. मंग घरी आली."

माझी जोडीदार हातातली भेंडी तशीच धरून ऐकत होती. परत येताना दगडांवरून ती प्रत्येक पाऊल दाबून, तपासून टाकत होती.

गरज पास झाली. मर्यादा लिहिताना आम्ही पुराची पातळी काकीने दाखवलेल्या झाडावरून घेतली. पर्यायांमध्ये दोर, तराफा, बंधारा आणि साकव असे चार मांडले. साकव म्हणजे फक्त माणसांनी चालत जायचा अरुंद पूल. साकव ठरला. आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल आणि दोरा वापरून आम्ही त्याचा हातभर लांबीचा नमुना केला. जोडीदाराने काड्या घासून एकसारख्या केल्या होत्या. तो इतका देखणा झाला की दुसऱ्या जोड्या येऊन फोटो काढून गेल्या.

चाचणीच्या दिवशी सरांनी दोन टेबलांच्या मध्ये नमुना ठेवला, त्याला मधोमध बादली टांगली आणि वाळूचा ढीग शेजारी घेतला. बाकीच्यांच्या बादलीत ते नुसती मगाने वाळू ओतत गेले. आमच्या वेळेला थांबले.

"तुझ्या पुलावरून कोण जाणार?"

"पाड्यातले लोक, सर."

"लोक नाही. नावं सांग. एक मग, एक माणूस."

मी काकीचं नाव सांगितलं. सरांनी एक मग ओतला. "डोक्यावर काही आहे?"

"भेंडीची पाटी."

त्यांनी अर्धा मग आणखी ओतला. "पुढे."

मी चुलतभावाचं नाव सांगितलं. मग शेजारच्या घरातली दोन भावंडं, दप्तरं घेऊन. मग त्यांची आजी. वर्गाला खेळ वाटला. कोणीतरी मागून ओरडलं, "बकरी पण घे!" सरांनी तेवढ्याच शांतपणे बकरीही घेतली. मी त्या घरातल्या सुनेचं नाव सांगितलं. ती तेव्हा पोटुशी होती, आणि ते मी का सांगितलं मला कळत नाही, पण सांगितलं. सरांनी मगाकडे बघून त्यात थोडी वाळू वाढवली आणि ओतली.

काडी मोडण्याचा आवाज फार लहान असतो. बादली खाली आदळली, वाळू सगळ्यांच्या पायांवर उडाली.

"वर कोण होतं?" सरांनी विचारलं.

मी पायांवरची वाळू झटकायला लागले.

"आता सांगितलीस ना नावं? वर कोण होतं?"

मला सगळी नावं परत घ्यायला लावली त्यांनी. पहिल्यापासून, एकेक. तोवर वर्गात कोणी हसत नव्हतं. सुनेच्या नावाशी माझा आवाज फुटला. सर थांबले, मी सावरेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "ते नाव राहिलं."

मी ते घेतलं.

मग त्यांनी वाळूतून तुटलेला तुकडा उचलला. "हा जोड कोणी केला?"

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले.

"मी," माझी जोडीदार म्हणाली.

"फेविकॉल वाळायच्या आत उचललास. घाई होती?"

"एसटी चुकली असती सर."

"एसटी," सर म्हणाले, आणि तो तुकडा तिच्या हातात ठेवला. "हे घरी घेऊन जा." मग माझ्याकडे वळले. "आणि तू आज जाऊन त्या सगळ्यांना सांग, तुमचं काय झालं ते."

संध्याकाळी मी खरंच पाड्यात गेले. पाणी तेव्हा घोट्याइतकं होतं. काकी चुलीपुढे बसली होती. शेजारची सून दारात तांदूळ पाखडत होती, पोट सुपाला लागत होतं. तिच्याकडे मला बघवेना. काकीने भाकरी वाढली, मी तिचे नुसते तुकडे करत बसले. शेवटी मी सगळं सांगितलं, म्हणजे काड्यांचा पूल मोडला आणि तुम्ही सगळे मेलात, असं.

काकी तोंडाला पदर लावून हसली. "मेली मी? बरं झालं. मंग आता च्या तूच ठेव."

मी चहा ठेवला. ती हसत होती, पण थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मास्तरला बायको-पोरं नाय काय गो?"

सुधारणेचा महिना आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत काढला. माझ्या जोडीदाराने तो तुटलेला तुकडा कंपासपेटीत ठेवला होता. ती रोज तो काढून बघायची आणि कमी बोलायची त्याहून कमी बोलायला लागली. तिनेच शोधलं की नुसत्या चिकटवलेल्या जोडावर आमचा सगळा भार येतो. मग तिने पुठ्ठ्याचे तिकोनी तुकडे कापून प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी लावले, आडव्या काड्या कमी केल्या, तिरक्या वाढवल्या. तयार झालेला प्रत्येक जोड ती अंगठ्याने मुद्दाम तोडायला बघायची. तुटला की चेहरा खुलायचा. शेजारच्या बाकावरच्या मुलांनी कौतुकाने आपला नमुना दाखवला तर तिने तोही दाबून मोडला आणि म्हणाली, "बघ. इथं मेली असती मानसं." ती मुलं तिच्याशी पुन्हा बोलली नाहीत. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या चाचणीला सरांनी मग भरला आणि माझ्याकडे बघितलं. "नावं?"

"तुम्ही, सर," मी म्हणाले.

सरांनी मग ओतला. "पुढे."

"तुम्हीच."

तसे ते ओतत राहिले. मी प्रत्येक मगाला तेच म्हणत राहिले. बादली भरली, वाळू काठावरून सांडली, पूल हलला नाही. मला वाटलं, संपलं. सरांनी बादली काढली, पुलाच्या मध्यावर तळहात ठेवला आणि अंगाचा भार टाकून तो मोडला.

"इथे तुटतो," ते म्हणाले. "हे कळल्याशिवाय पूल पुरा होत नाही." मग आम्हाला वर्गातले सगळ्यात जास्त मार्क दिले. मार्क सांगताना वर बघितलं नाही.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आम्ही तिसरा नमुना केला. बाबा वाशिंदला कंपनीत आहेत. त्यांनी त्याचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवला, आणि तो फिरत फिरत सरपंचांपर्यंत गेला. सरपंच स्वतः घरी आले. "पोरी, नाव काढलंस गावाचं," म्हणाले. "हे आमाला दे. ग्रामसभेत तालुक्याचे साहेब येनार हायेत. त्यांच्या टेबलावर ठेवू. आनि दोन शब्द तूच बोल."

मी बोलले. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा होती. कोण वहाळ ओलांडतं, का ओलांडतं, पाणी कुठवर चढतं, सगळं सांगितलं. सरांनी इतक्या वेळा उभं केलं होतं की या वेळी काही अडकलं नाही. काकी पुढेच बसली होती. मी वाहून जाण्याची गोष्ट तिचं नाव न घेता सांगायला लागले तर ती उठून उभी राहिली. "मीच ती," म्हणाली. साहेबांनी लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साकव मंजूर झाला.

भातकापणी झाल्यावर जेसीबी आला. मी कॉलेजला होते. सुट्टीच्या दिवशी वहाळावर गेले तर दगडांपाशी काहीच नव्हतं. आवाज खालून, वळणापलीकडून येत होता. तिथे पलीकडच्या काठाला मुंबईच्या लोकांचं एक फार्महाऊस आहे. तारेचं कुंपण, नारळाची झाडं, निळी टाकी. खड्डे त्याच्या फाटकासमोर खणले होते.

मी कंत्राटदाराला विचारलं, "पूल वर दगडांपाशी होणार होता ना?"

"ताई, वर माती हाय," तो म्हणाला. "खोल जावं लागेल. हितं कातळ लागलाय. तुमी शिकलेल्या, तुमाला काय सांगू."

मी वाकून बघितलं. खरंच कातळ होता, काळा, एकसंध. पाया घालायला त्याच्याहून चांगली जागा मीही निवडली नसती. भांडायला गेलेली मी, कातळ बघून परत आले.

साकव उत्तम झाला. पलीकडे उतरलं की फार्महाऊसचं फाटक, आणि फाटकातून गेल्याशिवाय पाड्याची वाट नाही. पूल गावाचा, पुढची जमीन त्यांची. सरपंच म्हणाले, "बोलनी चालू हायेत." ती अजून चालूच आहेत.

मी कॉलेजात सरांना जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी विचारलं, "कातळ आहे?"

"आहे सर."

"मग पडणार नाही." आणि तपासायचे पेपर पुढे ओढले.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन रडले. जोडीदार शेजारी बसली. मला वाटलं, पाठीवर हात ठेवील. ती हळू आवाजात म्हणाली, "आपण पाड्यातल्या सगळ्यांना विचारलं. त्या फार्महाऊसवाल्याला विचारलं काय, त्याला काय पायजे?"

"त्याला का विचारायचं?"

"पूल त्याला मिळाला ना," ती म्हणाली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठून गेली.

मी ठरवलं, पुढच्या ग्रामसभेत फाटकाचा विषय काढायचा. बाबा नको म्हणाले नाहीत. सभेच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ घरी आला. अंगावर खाकी कपडे, खांद्याला नवी पट्टी. फार्महाऊसवाल्यांनी त्याला फाटकावर वॉचमन ठेवलं होतं. पाड्यातलाच माणूस हवा होता त्यांना, म्हणजे पाड्यातल्यांना नाही म्हणायला सोपं.

"उद्या काय बोलू नको," तो म्हणाला.

"दादा, तुमच्यासाठीच बोलणार आहे."

"आमच्यासाठी नको बोलू. मागच्या वेळेला बोललीस ते बास झालं." तो उभ्यानेच बोलत होता, चहालाही बसला नाही. "मला पहिली नोकरी हाय ही. कंपनीत घेतलं नाय कोनी. तू शिकतेस, जाशील मुंबईला. आमी हितंच हाय."

"आणि काकी?"

त्याने खांद्यावरची पट्टी नीट केली. "आईला पन आत नाय सोडायचं, असं सांगितलंय. कॅमेरा हाय फाटकावर."

मी त्याच संध्याकाळी काकीकडे गेले. दगडांवरूनच गेले. मला वाटत होतं, ती तरी म्हणेल, बोल तू. काकी भेंडीची देठं खुडत होती. एक देठ तिने चुलीकडे फेकलं. मग म्हणाली, "तुज्या पुलावरनं त्यांची कुत्री जातात गो सकाळ-संध्याकाळ. पट्टा बांधून. माजा पोर नेतो."

"मी उद्या बोलू का?"

"बोलशील आनि जाशील. त्याची नोकरी गेली तर मंग घरात मलाच बघायचंय त्याचं तोंड." तिने टोपली पुढे सारली. "गप बस आता. तू नसती बोललीस तर निदान ते फाटक तरी नसतं झालं इतकं मोठं."

मी सभेला गेले आणि काही बोलले नाही. माझा नमुना सरपंचांच्या मागे कपाटात काचेआड ठेवलेला होता. एक बाजू थोडी वाकली होती.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. सर आता आम्हाला शिकवत नाहीत. पहिल्या वर्षाच्या वर्गावरून जाताना कधी त्यांचा हळू आवाज येतो आणि पाठोपाठ कोणाचंतरी अडखळत वाचणं. माझी जोडीदार डिझाइनमध्ये वर्गात पहिली असते. आम्ही बोलतो, पण कामापुरतं. काकी माझ्याशी सणावाराला बोलते, ताटात वाढते, जास्त विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी वहाळावर उभी होते. पाणी गुडघ्याच्या वर होतं. पाड्यातल्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचा दोर ताणून बांधला होता. काकी डोक्यावर पाटी घेऊन पाण्यात उतरली, एका हाताने दोर धरून. खाली वळणावर साकव दिसत होता, आणि त्याच्यावर मधोमध छत्री घेतलेला चुलतभाऊ, खाकी कपड्यांत. तो आईकडे बघत होता. मध्ये तिचा पाय सरकला तसा तो छत्री टाकून दोन पावलं पुढे धावला आणि कठड्याशी थांबला. साकवावरून पाण्यात तिच्यापर्यंत उतरायला त्याला वाट नव्हती.

काकी सावरली. आमच्या काठाला आली, पाटी उतरवली, लुगड्याचा ओला घोळ पिळला. मी हात पुढे केला तो तिने धरला नाही. पुलाकडे तिने एकदाही बघितलं नाही. पाटी परत डोक्यावर घेऊन ती खर्डीच्या वाटेला लागली. भाऊ वाऱ्याने उडालेल्या छत्रीमागे साकवावरून पलीकडे गेला, आणि आतून कुत्री भुंकायला लागली म्हणून त्याने फाटक लावून घेतलं.